एअर शॉकला पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका

रविवारी सकाळी जिंतूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, हे पोरगं क्वाड घेऊन पंक्चरवाल्याकडं गेलंय, शॉकअपमध्ये हवा मारायला. तू एकदा बोल त्याच्याशी." बोलेपर्यंत उजव्या बाजूच्या शॉकमध्ये हवा भरून झालेली होती. किती भरली, ते ना भाच्याला सांगता येईना, ना दुकानदाराला.

भाच्याकडं जुनी यामाहा वायएफझेड ४५० आहे, म्हणजे चार चाकांची क्वाड बाईक, माळावर आणि शेतात चालवतो. पुढं आधीच्या मालकानं बसवलेले फॉक्स कंपनीचे फ्लोट एअर शॉक आहेत, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे शॉकअप. त्याला हे शिकवलं व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजनं. तोच मेसेज आतापर्यंत मला चौघांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय: एअर शॉक म्हणजे पल्सरचाच गॅसचा शॉकअप, हवा जितकी जास्त तितका दणकट, टायरच्या कॉम्प्रेसरनं १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारा, उन्हाळ्यात नायट्रोजन भरा, फुगत नाही, वजनाला हलका, सेटिंग सोपं, स्प्रिंग नाही म्हणून देखभाल नाही, गळला तर घरीच खोला.

आधी कॉम्प्रेसरचं बोलू, कारण नुकसान तिथं होतं. टायरमध्ये हवेला भरपूर जागा असते, म्हणून दोन-चार सेकंद नळी धरली तरी काटा हळू चढतो. शॉकच्या आत जागा अगदी थोडी. कॉम्प्रेसरची कळ क्षणभर दाबली की दाब कुठल्या कुठं जातो, आणि नळी काढताना किती उरला ते कळत नाही. म्हणूनच कंपनी यासाठी बारीक नळीचा, दाब दाखवणारं घड्याळ लावलेला हातपंप देते. फॉक्सच्या पुस्तिकेत पद्धत स्वच्छ लिहिली आहे: गाडी जॅकवर घ्या, चाकं अधांतरी, शॉक पूर्ण लांबलेला, मग पंप जोडा. पंप जोडताना थोडी हवा नळीत जाते, म्हणून घड्याळ आधीपेक्षा कमी दाखवतं. काढताना फुस्स होतं ती हवा नळीतली असते, शॉकमधली नाही. हे माहीत नसलेला माणूस दर वेळी "गळतोय" म्हणून आणखी भरत बसतो.

आणि "जास्त हवा म्हणजे दणकट" हे तर साफ चूक. एअर शॉकमध्ये हवा हीच स्प्रिंग असते. बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत घोकलाय: तापमान तेच असेल तर जागा अर्धी झाली की दाब दुप्पट. हिशेब करून बघा. घड्याळावर ६० पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून साधारण ७५. जागा अर्धी झाली की १५०, एक तृतीयांश उरली की २२५. म्हणजे शॉक दबत जाईल तसा आपोआप ताठ होत जातो, खड्ड्यात आपटू नये म्हणून. सुरुवातच १०० नं केली तर बसल्यावर गाडी जवळजवळ खाली दबत नाही. मग खळग्यात चाकाला खाली जायला वावच उरत नाही, चाक जमीन सोडतं, आणि दबलेला शॉक उसळून हँडल हातातून ओढतो. काही मॉडेलना ही उसळी आवरायचा स्क्रूसुद्धा नसतो. नांगरटीच्या ढेकळांवर, एका बाजूला जास्त हवा भरलेल्या क्वाडवर माझा भाचा बसणार होता. माझा आवाज चढला तो यामुळं.

पल्सरची तुलना दोन ओळींत संपते. तिच्या मागच्या शॉकअपवर नायट्रॉक्स लिहिलेलं असतं, पण वजन पेलते ती बाहेरची लोखंडी स्प्रिंग. आतला गॅस तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. एअर शॉकमध्ये वजनच हवेवर असतं. नावं सारखी वाटली म्हणून कामं सारखी होत नाहीत.

नायट्रोजन उन्हात फुगत नाही, असं कुणी सांगितलं? आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. सकाळी २० अंशांत ६० भरलेला शॉक पळून ६० अंशांवर गेला तर घड्याळ ७० च्या आसपास दाखवेल, आत काहीही असो. कोरडेपणाचा थोडा फायदा मिळतो, तेवढाच. परभणीच्या उन्हाळ्यात यावर उपाय एकच, शॉक थंड असताना मोजा.

हलका आणि सेटिंग सोपं, हे मात्र खरं आहे, मान्य करावंच लागेल. ६० किलोचा पोरगा उतरून ९० किलोचा बसला तर स्प्रिंग बदलावी लागत नाही, पंपानं भागतं. पण त्याची किंमत सील, म्हणजे आतली हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, मोजतात. आमच्या मुरमाड वाटांवरचा फुफाटा सीलच्या तोंडाशी बसतो, म्हणून "देखभाल नाही" म्हणणाऱ्यानं हा शॉक कधी पुसलेलाही नसावा. नुसतं शेतात फिरायचं असेल तर मी आजही वजनाला जुळणारा साधा स्प्रिंगचा शॉक घ्या म्हणेन.

घरी खोलायचं तर नावच काढू नका. हवेची स्लीव्ह, म्हणजे बाहेरचं नळकांडं, दाब न सोडता फिरवली तर ती सुटून तोंडावर येते. हवा सोडली तरी आतल्या तेलामागं नायट्रोजनचा वेगळा, जास्त दाब असतोच. व्हॉल्व्हची हवा काढली म्हणजे शॉक रिकामा झाला, असं नाही.

दुपारी मी जिंतूरला गेलो. क्वाड विटांवर चढवली, दोन्ही बाजूंची हवा सोडली, पंपानं सारखी भरली, भाच्याला बसवून पुढची उंची टेपनं मोजली. मग दोन्हीकडं पाच-पाच पीएसआय कमी करत तोच माळाचा तुकडा फिरायला लावला. तो ५५ वर थांबला. हा आकडा कुणी उचलू नये, त्याचं वजन ६२ किलो आहे. पंप आता त्याच्याकडंच ठेवलाय, आणि तो मेसेज त्यानं ज्या तिघांना पुढं पाठवला होता, त्यांना माझ्यासमोर फोन करायला लावले.