घोरणं गेलं, नळी आली

कोकणातल्या घरांत घोरण्याला आजार म्हणायची पद्धत नाही. माजघरात झोपलेला माणूस पडवीतल्या कुत्र्याला ऐकू जायला लागला तर ‘दिवसभर राबलाय बिचारा’ म्हणतात, आणि मध्येच तो गप्प झाला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. श्वासाची खरी गरज त्याला असते. त्या क्षणी त्याचा घसा आतून मिटलेला असतो. झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया.

असे किमान 10 सेकंद अडलेले किंवा आखडलेले श्वास मोजतात. तासाला 5 च्या आत असले तर ठीक, 30 च्या वर गेले की आजार तीव्र. तासाला 40 म्हणजे दर दीड मिनिटाला मेंदू गचांडी धरून उठवतो. आणि सकाळी आम्हीच सांगत सुटतो, काय मेल्यासारखी झोप लागली होती!

तपासणीआधी आठ प्रश्नांचा कागद भरून घेतात. तो 1991 साली मेलबर्नमध्ये तयार झाला, तेव्हा त्यात कोकणाचा विचार नसणारच. ‘दुपारी आडवं झाल्यावर डुलकी लागेल का?’ मासे-भात जेवलेला माणूस इथे 3 पैकी 3 च घेणार. ‘रहदारीत गाडी काही मिनिटं थांबली तर?’ मुंबई-गोवा महामार्गावर, काही मिनिटं! बेरीज 24 पैकी 10 च्या वर गेली की पुढची चौकशी लागते.

इलाज म्हणजे सीपॅप, नळी आणि मास्कमधून नाकात हवा फुंकत राहणारं मशीन. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी हा इलाज 1981 साली जगापुढे मांडला. लोंगराने वाकलेल्या केळीला टेकू देतात, तसा मिटणाऱ्या घशाला हवेचा टेकू. दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात, साधारण 4 ते 20. दहा म्हणजे किती? शहाळ्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला लागेल तेवढी फुंकर. ऐकायला काहीच नाही. पण ती रात्रभर नाकात चालू असते, आणि झोपेत तोंड उघडलं की हवा तिथून निसटून घशाचा सुका बोंबील होतो.

खरी झटापट मास्कशी. हवा गळते म्हणून नवखा माणूस पट्टे आवळतो. आवळले की सिलिकॉनची कड चुरगळते आणि आणखी गळते. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ. खरी रीत अशी: आधी आडवं व्हायचं, कारण झोपल्यावर गाल जागचे हलतात. मग मशीन चालू करायचं, मास्क किंचित उचलून कड हवेने फुगू द्यायची, अलगद टेकवायचा आणि पट्टे दोन्हीकडून सारखे ओढायचे. चेहरा धुतलेला हवा. डोक्यावरचं खोबरेल कपाळावर उतरलं की मास्क रात्रभर घसरगुंडी खेळतो. मिशा की मास्क, हा निर्णय ज्याने त्याने घरच्यांच्या सल्ल्याने घ्यावा.

पावसाळ्यात पुढचा अंक. मशीनच्या टाकीतलं डिस्टिल्ड पाणी गरम होऊन हवेला ओल देतं. डोक्यावर पंखा पाचावर. नळी गार पडते, आतली वाफ थिजते आणि पहाटे तीनला नाकात पागोळ्या गळू लागतात. टाकीचा आकडा उतरवा, नळीला जुन्या लुगड्याची गवसणी शिवा, आणि मशीन उशीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी नाकाकडे न येता मागे फिरेल. ‘विहिरीचं पाणी उकळून चालेल का?’ असं हमखास विचारतात. उकळून जंतू मरतात, क्षार तिथेच राहतात आणि टाकीच्या तळाला किटण धरतं. राहिली धुतलेली नळी. आषाढात ती आणि पापड सारख्याच वेगाने वाळतात.

वीज गेली की फुंकर थांबते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला झडप असते, ती उघडून खोलीतली हवा आत येते, म्हणून गुदमरायला होत नाही. पण टेकू निघाल्यामुळे घोरणं परत येतं आणि वीज गेल्याचं पंख्याआधी शेजाऱ्यांना कळतं. इन्व्हर्टरवर चालवताना टाकीची गरमी बंद ठेवावी. बॅटरी तीच खाते.

गणपतीत चाकरमानी आले की माजघरात माणसं ओळीने झोपतात. रात्री उठलेली काकी नळी पाहून दचकते, ‘काय रे ह्यां तोंडाक लावलंस?’ सकाळी गावभर बातमी: औंदा त्यांच्याकडे दोन सोंडी.

एवढं सोसून मिळतं काय? पेपर वाचताना मान पडत नाही, रक्तदाब थोडा उतरतो. डॉक्टर मशीनमधली चिप वाचतात, आणि रात्री चार तासही लावलेलं नसलं की गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बघतात. पण सगळ्यात मोठा फायदा सांगायला लोक लाजतात. मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीत ओढ पडते आणि हृदय ताणलं जातं. त्याला वाटतं अंगात पाणी फार झालंय, ते मूत्रपिंडांना निरोप धाडतं. म्हणून रात्री तीन-तीनदा उठणं. ज्यांचा संडास परसात आहे त्यांना मुसळधार पावसात छत्री, विजेरी, आणि पायरीवर फुरसं तर नाही ना हे बघणं आलं. घसा उघडा राहिला की पुष्कळांच्या बाबतीत तो निरोपच जात नाही.

आमच्या खुंटीवरची विजेरी गणपतीपासून पेटलेली नाही. तिच्यातले सेल सध्या रेडिओत आहेत.