रोबोटला ऊन बाधतं

लेकीने नववीच्या प्रदर्शनासाठी रोबोट करायचं ठरवलं, तेव्हा 'लागेल ती मदत करीन' असं मी बोलून गेलो. बीकॉम झालेल्या माणसाने असं बोलू नये.

पहिली मदत म्हणजे आमच्या इंदूरच्या जेल रोडची चक्कर. चिठ्ठीत 'बीओ मोटर, दोन' असं होतं; म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरी. दुकानदार म्हणाला, "भिया, कितने आरपीएम की?" मी म्हणालो, "अच्छेवाले." त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही, फोनवर लेकीशीच बोलला.

सगळ्याचा मेंदू म्हणजे आर्डुइनो नावाचा निळा बोर्ड. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात तो तयार झाला आणि तिथल्या एका बारचं नाव त्याला मिळालं. ही माहिती लेकीने आजीसमोर दिली. तेव्हापासून तो बोर्ड देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवायला बंदी झाली.

चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मात्र मीच आणली. सहापेक्षा नऊ जास्त, एवढा हिशेब मला येतो. रोबोट वीतभर जायचा, दिवा मिणमिणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! त्या बॅटरीत व्होल्ट असतात, पण मोटरींना पुरेल एवढा करंट द्यायचा दम नसतो. मोटरींनी ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनोचा पुनर्जन्म होतो. वर एल-२९८-एन हा मोटर ड्रायव्हर मधल्यामध्ये दोनेक व्होल्ट खातो. दलालीच ती. शेवटी लिथियमचे दोन सेल आणले, तेव्हा कुठे गाडी हलली.

पांढऱ्या चार्ट पेपरवर काळी टेप चिकटवायची आणि रोबोटने तिच्यावरून चालायचं. सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, सोडतो. पांढरा कागद तो परत पाठवतो, काळी टेप गिळते. रात्री साडेनऊला त्याने सगळी वळणं बिनचूक घेतली. त्या आनंदात आम्ही सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन आलो. सकाळी काकांना दाखवायला ओसरीत मांडला, तर तो थेट तुळशीवृंदावनावर.

रात्री शहाणा, सकाळी वेडा. असे तीन दिवस गेले. लेकीने कोड चाळला, मी वायरी हलवल्याचा आळ घेतला (एकच हलवली होती). आजी म्हणाली, "पोह्यांआधी तुझे आजोबाही सरळ चालत नसत." अखेर लेकीने सेन्सरचे आकडे स्क्रीनवर उमटवले. शून्य ते १०२३ अशी ती मोजपट्टी. खोलीत काळ्या-पांढऱ्यात शेकड्यांचा फरक; ओसरीत दोन्ही जवळजवळ सारखे. उन्हातही इन्फ्रारेड असतं, आणि मुबलक असतं. सूर्यापुढे आमच्या चिमुकल्या दिव्याला कोण विचारतो?

प्रदर्शन नेमकं शाळेच्या पटांगणात, सकाळी दहाला. मांडव अर्ध्याच टेबलांवर पोचलेला, आमचं टेबल उरलेल्या अर्ध्यात.

"बाबा, सावली करा."

जानेवारीत, आजोबांची जाड कापडाची छत्री उघडून, कमरेत वाकून मी रोबोटच्या मागे निघालो. तो वळला की मी वळायचो. शेजारच्या टेबलावरची पोरं स्वतःचं मॉडेल सोडून मलाच बघत होती. परीक्षक आले, रोबोट पाहिला, मग मला पाहिलं.

"और ये?"

"सर, हार्डवेअर है," लेक म्हणाली.

"कितने का आया?"

"घर में पड़ा था, सर."