"दोन चमचे पाण्यानं काय होतंय?" बरंच काही होतं

पक्षाघातानंतर नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे अन्न घेणाऱ्या मित्राला भेटायला जाणाऱ्यांसाठी एक निरोप सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. "तोंड कोरडं पडतं, दोन चमचे पाणी पाजा. ठसका लागला नाही म्हणजे गिळता येतंय. नारळपाणी, पेज नळीतूनही घालता येते. पोटात गेलं की आडवं करून आराम द्या. नळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून तोंडाची सवय मोडू देऊ नका." लिहिणाऱ्याची माया खरी असेल, पण सल्ला जिवावर बेतणारा आहे.

ठसक्याचं आधी. पक्षाघातात घशाची संवेदनाच मंदावते, त्यामुळे पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी अनेकांना ठसका लागत नाही. त्यातही साधं पाणी सगळ्यात अवघड. ते झर्रकन घसरतं आणि श्वासाची वाट झाकायला घशाला वेळच मिळत नाही. सोबत तोंडातले जंतू फुफ्फुसात जातात. ताप आणि धाप दिसायला एक-दोन दिवस लागतात. तोवर पाणी पाजणारा घरी पोचलेला असतो आणि दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. तीर्थालाही हाच नियम. अंगारा कपाळाला लावा, जिभेवर नको. गिळता येतंय का, हे स्वॅलो थेरपिस्ट, म्हणजे गिळण्याचे तज्ज्ञ, तपासतात. गरज पडली तर एक्स-रेखाली किंवा नाकातून दुर्बीण घालून.

तोंड कोरडं पडतं हे मात्र खरं, आणि त्याचा त्रास फार होतो. सिस्टरांना विचारा, गॉज (जखमेवर बांधतात तसं जाळीदार कापड) पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू पुसा. गॉज निथळता कामा नये. ओठांना कोणतं मलम चालेल तेही विचारा, विशेषतः ऑक्सिजन चालू असेल तर.

नळीतून काय आणि किती जातं, याचा हिशेब पाण्यासकट लिहिलेला असतो. साधारण २०० ते २५० मिलि फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, ५० मिलिच्या सिरिंजचा दट्ट्या काढून, १५-२० मिनिटांत आपल्या वजनानं उतरू देतात. आधी आणि नंतर ३० मिलि पाणी. त्याआधी नळी जागेवर आहे ना, हे तपासतात. ती वर सरकली असेल तर पेज थेट फुफ्फुसात जाऊ शकते. नीट न गाळलेल्या पेजेनं नळी तुंबते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडं अधू असतील तर ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

आडवं तर मुळीच करू नका. फीड चालू असताना आणि नंतर तासभर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, नाहीतर पोटातलं उलटून घशात येतं. डोक्याखाली नुसत्या उशा रचल्या तर मान वाकते आणि पोट दाबलं जातं. पलंगच वर करायला सांगा.

नळी कायमची? पक्षाघातानंतर अनेकांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं आणि नळी निघते. चार-सहा आठवड्यांहून जास्त लागेल असं दिसलं तर डॉक्टर पोटातून बसवायच्या नळीचा विचार करतात; तीही काढता येते. नाकातली नळी अन्ननलिकेतून जाते, स्वरयंत्रातून नाही, म्हणून मित्राला बोलतं करायला हरकत नाही.

मिठी मारताना हात नळीच्या बाजूनं नेऊ नका. टेप सुटली किंवा नळीवरची नाकापाशी असलेली खूण बाहेर आलेली दिसली, तर नळी आत ढकलू नका. फीड लगेच थांबवायला लावा आणि सिस्टरांना बोलवा.