चावीचा सेल काढला म्हणून कोडिंग उडत नाही

"गाडीच्या रिमोटचा सेल घरी बदलू नका. सेल काढला की कोडिंग उडतं, गाडी जागेवर बंद पडते, मग नव्या चावीला हजारो रुपये मोजा." सोलापुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. होटगी रोडला राहणाऱ्या माझ्या आत्याने तो वाचून महिनाभर रिमोटला हात लावला नाही.

कोडिंग उडतं, हे साफ चूक. चावीचा कोड ज्या मेमरीत असतो तिला माहिती जपायला वीज लागत नाही, पेनड्राइव्हसारखीच. काही मॉडेलना सेल बदलल्यावर गाडीशी पुन्हा जुळवावं लागतं, पण त्याची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

गाडी बंद पडते, हेही खोटं. चालत्या गाडीचं इंजिन रिमोटच्या सेलवर चालत नाही. इमोबिलायझर म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा. तिच्या चावीतल्या चिपला सेलच लागत नाही, गाडीतल्या कॉइलमधून तिला वीज मिळते. बटण स्टार्टच्या बऱ्याच गाड्यांत सेल संपला तरी चावी स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू होते. दार उघडायला रिमोटच्याच पोटात लोखंडी चावी असते.

मग "सेल बदलला आणि रिमोट बिघडला" असं लोक का म्हणतात? आत्याच्या चावीतच उत्तर सापडलं. आधी कुणीतरी २०३२ च्या जागी २०२५ नंबरचा सेल बसवला होता. दोन्ही ३ व्होल्टचे, दोन्ही २० मिलिमीटर रुंद, पण २०३२ ची जाडी ३.२ मिलिमीटर आणि २०२५ ची २.५. तेवढ्या फटीने पत्रा सेलला नीट टेकत नाही. रिमोट हलवला की चालतो, ठेवला की थांबतो. नव्या पेठेतून शंभराच्या आत योग्य सेल आणला, जुन्याची अधिकची बाजू जिकडे होती तिकडेच ठेवून बसवला. पहिल्या दाबाला दारं उघडली. आधीचा सेल योग्य नंबरचा असेल तर तो दुकानात न्या, नाहीतर योग्य नंबर लिहून न्या. झाकण मात्र खाचेतूनच उघडा, स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला तर प्लास्टिक तुटतं.

खरा धोका त्या मेसेजमध्ये नाहीच. लहान मुलाने हा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजते. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट सिव्हिल गाठा.