‘नॉर्मल असेल तर टी-टेस्ट, नसेल तर मान-व्हिटनी’: थिसिसच्या दिवसांत फिरणाऱ्या तक्त्याचा प्रतिवाद

एमडी-एमएसच्या थिसिसचं विश्लेषण जवळ आलं की कोणती सांख्यिकी टेस्ट लावायची हे सांगणारा एक तक्ता मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: आधी शापिरो-विल्क टेस्ट (आकडे ‘नॉर्मल’, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले आहेत का हे तपासणारी) लावा; पी (टेस्टने दिलेली शक्यता; नेमका अर्थ पुढे येतो) ०.०५ च्या खाली आला तर डेटा नॉर्मल नाही, मग सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट सोडून मान-व्हिटनीसारखी नॉन-पॅरामेट्रिक (आकड्यांच्या क्रमवारीवर चालणारी) टेस्ट वापरा. नमुना ३० पेक्षा कमी असेल तर तसंही नॉन-पॅरामेट्रिकच. हो-नाही मोजणीच्या एखाद्या चौकटीत ५ पेक्षा लहान आकडा दिसला की काय-स्क्वेअर (प्रमाणांची तुलना करणारी टेस्ट) बाद, फिशर (तिचा लहान संख्यांसाठीचा पर्याय) लावा. प्रत्येक गटाची आधी-नंतर पेअर्ड टी-टेस्ट (त्याच रुग्णांच्या दोन मापांची तुलना) करा. ज्या गटात पी ०.०५ च्या खाली, तो उपचार सरस. आणि शेवटी, पी ०.०५ च्या खाली म्हणजे निष्कर्षाची ९५ टक्के खात्री, वर म्हणजे फरकच नाही.

सोपा आहे म्हणून हा तक्ता फिरतो, आणि नको तिथे नेऊन सोडतो. टेस्ट कोणती हे हातात आलेल्या आकड्यांच्या आकारावरून ठरतं, असं तो धरून चालतो. खरं तर टेस्ट ठरते ती प्रश्नावरून आणि नोंदी कशा घेतल्या त्यावरून: तेच रुग्ण दोनदा मोजले की वेगवेगळे, एका रुग्णाची एक नोंद की दोन डोळ्यांच्या दोन, रक्तदाबासारखं माप की ‘जगला-दगावला’ असं हो-नाही. हे सगळं पहिला रुग्ण घेण्याआधी, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहितानाच माहीत असतं.

‘आधी शापिरो-विल्क.’ ही टेस्ट जिथे सावध करायला हवी तिथे गप्प बसते आणि जिथे धोका नाही तिथे ओरडते. १२ रुग्णांमध्ये चांगलाच तिरपेपणाही तिच्या नजरेतून सुटतो. २,००० रुग्णांमध्ये नगण्य विचलनालाही ती ०.०५ च्या खालचा पी देते, आणि तेवढ्या नमुन्यात टी-टेस्टला त्याचा काहीच त्रास नसतो. शिवाय ती बऱ्याचदा चुकीच्या आकड्यांवर लावली जाते. दोन्ही गट एकत्र करून तपासलं तर गटांमधला खरा फरकच ‘नॉर्मल नाही’ म्हणून दिसू शकतो. तपासायचं ते प्रत्येक गटात वेगळं. पेअर्ड टी-टेस्टमध्ये तर आधीची आणि नंतरची मापं नव्हे, प्रत्येक रुग्णाच्या दोन मापांतला फरक बघायचा असतो.

त्यापेक्षा हिस्टोग्राम (आकड्यांच्या पसरणीचा स्तंभालेख) काढा, क्यू-क्यू प्लॉट (आकडे नॉर्मल वितरणाशी जुळतात का ते दाखवणारा आलेख) बघा. साधी खूणही पुरते: रुग्णालयातल्या दिवसांची सरासरी ६ आणि प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) ७ असेल, तर दिवस शून्याखाली जाऊ शकत नसल्याने आकडे उजवीकडे लांबलेले आहेत हे टेस्ट न लावताच कळतं. सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीसारख्या मापांना लॉग (लॉगॅरिदम) घेऊन टी-टेस्ट करता येते; उत्तर परत उलटवलं की ‘इतक्या पट’ असं वाचायचं. आणि गट लहान-मोठे असून विचलनही वेगळं असेल, तर नॉर्मल नसण्यापेक्षा ते जास्त घातक ठरतं. त्यावर वेल्चची टी-टेस्ट (गटांचं विचलन सारखं न धरणारी) हा उपाय आहे. ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये तीच आपोआप लागते, एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती टी-टेस्टच्या तक्त्यातली दुसरी ओळ असते, बहुतेक जण वाचत नाहीत ती.

मान-व्हिटनी हा टी-टेस्टचा बदली खेळाडू नाही. तिचा प्रश्नच निराळा आहे: दोन्ही गटांतून एकेक रुग्ण उचलला तर कोणाचं माप मोठं निघण्याकडे कल आहे? दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच तो मीडियनचा (क्रमाने लावलेल्या आकड्यांतल्या मधल्या आकड्याचा) प्रश्न होतो; मीडियन अगदी समान असूनही तिचा पी ०.०५ च्या खाली येऊ शकतो. नव्या पद्धतीने एकूण किती खाटा-दिवस वाचले हे हवं असेल तर सरासरीच लागते, आकडे कितीही तिरपे असोत.

‘३० पेक्षा कमी म्हणून नॉन-पॅरामेट्रिक.’ डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या नावाने टी-वितरण मांडलं ते लहान नमुन्यांसाठीच. उलट नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट अगदी लहान नमुन्यात हतबल होते, हे कागदावर मांडून बघता येतं. ३ विरुद्ध ३ रुग्ण असतील तर क्रमवारीच्या वाटण्या एकूण २०. एका गटाचे तिन्ही रुग्ण दुसऱ्याच्या तिघांहून वर असले, तरी दोन-बाजूंचा पी २/२० म्हणजे ०.१०. त्याखाली तो जाऊच शकत नाही. ५ जोड्यांवरच्या विल्कॉक्सन साइन्ड-रँक टेस्टमध्ये किमान पी २/३२, म्हणजे ०.०६२५. अभ्यास सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

३० च्या वर गेलं म्हणून सगळं माफ, असंही नाही. २० रुग्णांचे ४० डोळे म्हणजे ४० स्वतंत्र नोंदी नव्हेत. तसे धरले तर पी उगाच लहान येतो. रुग्णागणिक सरासरी घ्या किंवा मिक्स्ड मॉडेल (एकाच रुग्णाच्या नोंदींमधला संबंध हिशेबात धरणारी पद्धत) वापरा.

‘चौकटीत ५ पेक्षा कमी म्हणून फिशर.’ नियम अपेक्षित संख्येचा (गटांत फरक नसता तर चौकटीत किती आले असते) आहे, प्रत्यक्ष दिसणाऱ्या संख्येचा नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेली क्षयरोगावरची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घ्या. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ५५ पैकी ४ दगावले, दुसऱ्या गटात ५२ पैकी १४. चौकटीत ४ दिसतो, तक्ता म्हणेल फिशर. पण १०७ पैकी एकूण मृत्यू १८, म्हणून औषधाच्या गटातले अपेक्षित मृत्यू ५५ × १८ ÷ १०७ = ९.२५, दुसऱ्या गटातले ८.७५. सगळ्यात लहान अपेक्षित संख्याही ५ च्या बरीच वर, त्यामुळे काय-स्क्वेअर बिनदिक्कत चालते: ७.३८, पी सुमारे ०.००७.

‘ज्या गटात पी ०.०५ च्या खाली, तो उपचार सरस.’ सगळ्यात जास्त नुकसान हाच मुद्दा करतो. समजा, नव्या औषधाने सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब ८ ने उतरला, जुन्याने ५ ने, आणि दोन्ही बदलांची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) ३.५ आहे. पहिल्या गटाचा पी ०.०२, दुसऱ्याचा ०.१५. थिसिसमध्ये लगेच लिहिलं जातं, ‘नवं औषध परिणामकारक, जुनं नाही.’ पण प्रश्न दोन औषधांमधल्या फरकाचा होता. तो फरक ३, त्याची प्रमाण त्रुटी (३.५ च्या वर्गाची दुप्पट करून वर्गमूळ) ४.९५, आणि पी सुमारे ०.५४. हाती काहीच लागलेलं नाही. शिवाय दाब जास्त असलेलेच रुग्ण निवडले की पुढच्या मापात तो औषधाविनाही थोडा खाली येतो. म्हणून गटांची थेट तुलना करा. शेवटचा दाब हे उत्तर आणि सुरुवातीचा दाब सहचल धरून अँकोव्हा (सुरुवातीचा फरक हिशेबात घेऊन केलेली गटांची तुलना) केली तर सर्वांत उत्तम.

‘पी ०.०५ म्हणजे ९५ टक्के खात्री.’ काहीच फरक नसता, तरी इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी सांगतो. हजार कल्पना तपासल्या, त्यातल्या १०० खऱ्या, अभ्यासाची ताकद (खरा फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के असं धरा. खऱ्यांपैकी ८० सापडतील. उरलेल्या ९०० मधल्या ४५ खोट्याही ०.०५ ची चाळणी पार करतील. म्हणजे १२५ ‘सिग्निफिकंट’ निकालांतले ४५, ३६ टक्के, फसवे.

आणि ०.०५ च्या वर म्हणजे ‘फरक नाही’ हेही नाही. ४० पैकी १२ जणांना जंतुसंसर्ग विरुद्ध ४० पैकी ६, पी ०.११. फरक १५ टक्के-बिंदूंचा, पण ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खऱ्या फरकाचा अंदाजी पल्ला) उणे ३ ते अधिक ३३. संसर्ग निम्म्यावर आणणारा उपाय त्यात बसतो, किंचित अपायकारक उपायही बसतो. अशा वेळी ‘दोन्ही उपाय सारखेच’ असं लिहिणं खोटं ठरतं. ‘या नमुन्यातून ठरवता येत नाही’ असं लिहा.

निकालाचं वाक्यही पी-पासून सुरू करू नका. स्ट्रेप्टोमायसिनच्या आकड्यांचं वाक्य असं होईल: ‘सहा महिन्यांत मृत्यू ५५ पैकी ४ (७ टक्के) विरुद्ध ५२ पैकी १४ (२७ टक्के); फरक २० टक्के-बिंदू, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ६ ते ३४; काय-स्क्वेअर, पी = ०.००७.’