‘अ‍ॅलिबाय’ म्हणजे सबब नव्हे

तुमच्या लेखात ‘अ‍ॅलिबाय’ला (म्हणजे ‘गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो’ या आरोपीच्या बचावाला) ‘सबब’ म्हटलंय, ते पटलं नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एवढाच: ‘दुसरीकडे’. सबब सांगणारा घडलेलं मान्य करून कारण देतो. अ‍ॅलिबायमध्ये आरोपी गुन्ह्याच्या जागची हजेरीच नाकारतो. (शिवाय कोर्टाच्या मराठीत ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’!) १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ११मध्ये हा शब्द नाही, पण उदाहरण अगदी नेमकं आहे: गुन्हा कलकत्त्यात, ‘अ’ त्या दिवशी लाहोरला. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ९ झालं, आणि गावं झाली चेन्नई नि लडाख. आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायची जबाबदारीही आरोपीचीच. तेव्हा कृपया ‘अन्यत्र उपस्थिती’ असा बदल करावा.