शंभर जंप झाल्या ना भाऊ, मग आता १०७ घेऊनच टाक

भाऊ, आधी अभिनंदन. स्कायडायव्हिंगचं लायसन्स हातात आलं, जंपचा आकडा शंभराच्या पुढे गेला, स्टुडंटवाली ती तंबूएवढी २६० स्क्वेअर फुटांची छत्री सुटून तू १९० वर आलास आणि आता ती १९० पण तुला बोअर होऊन राहिली. साहजिक आहे. १९० वर माणूस आरामात खाली येतो, वारा बघायला वेळ मिळतो, कुठे उतरायचं ते ठरवायला वेळ मिळतो, चुकलं तं सुधारायलाही वेळ मिळतो, आणि एवढा सगळा वेळ मिळाला की रीलमध्ये काही जानच राहत नाही, खाली मोबाइल धरून उभा असलेला पोरगाच जांभया द्यायला लागतो. म्हणून आता कॅनॉपी, म्हणजे पॅराशूटची छत्री, अपग्रेड. आणि अपग्रेड म्हणजे लहान, हे तुला कोणी समजावून सांगायची गरज नाही, कारण ड्रॉपझोनवर (जिथे उड्या मारतात तिथे) नाव विचारायच्या आधी साइज विचारतात. सावजीत पहिल्यांदा जेवायला बसलेला पुण्याचा पाहुणा कसा डोळ्यातून पाणी काढत "अजून तिखट नाही का?" विचारते, त्याच बाण्याने तू दुकानदाराला विचारायचं, "याच्यापेक्षा लहान नाही का?"

थोडं गणित करून घेऊ, म्हणजे कोणी विचारलं तं आपण अभ्यास करून घेतली असं सांगता येते. तुझं वजन ८५ किलो (तर्री पोहे, दुसरं काय), गियर १२ किलो, झाले ९७, म्हणजे २१४ पाउंड. याला कॅनॉपीच्या स्क्वेअर फुटांनी भागायचं, त्याला विंग लोडिंग म्हणतात. १९० वर येते १.१३. छे, हा काय आकडा आहे? १०७ वर येते बरोब्बर २. पूर्णांक! अपूर्णांक नाही, झंझट नाही. एवढं सुबक उत्तर आलं म्हणजे देवाच्याच मनात आहे असं समजायचं.

आता काही जुने कोच लोक सांगतील की शंभर जंपपर्यंत १ च्या आसपास राहा, मग दर शंभर जंपला ०.१ वाढव. त्या हिशोबाने तुला २ वर जायला अकराशे जंप लागतील. अकराशे! आणि तू राहतो नागपुरात, जिथून जंप मारायची तं हरियाणातल्या नारनौलला जा नाहीतर थायलंड, दुबई, स्पेन कुठे तरी आठवडाभराची सुट्टी टाकून जा, पैसे संपेपर्यंत जंप मार, परत ये आणि पुढचे आठ महिने फुटाळा तलावावर बसून मित्रांना हातवारे करून सांग की आपण कसा टर्न मारला. या वेगाने अकराशे जंप व्हायच्या आधी तुझं पोरगं दहावीला बसेल. त्यामुळे तो नियम ज्यांना दर शनिवार-रविवारी विमान मिळते त्यांच्यासाठी. तुझं तसं नाही. तू वर्षातून एकदा जातोस, हात बसलेला नसतो, पहिल्या दोन जंपा तं हँडल कुठे आहे ते आठवण्यात जातात, म्हणूनच तुला जास्त फास्ट कॅनॉपी पाहिजे, निदान ती तरी फ्रेश असली पाहिजे ना.

विंग लोडिंग वाढलं की नेमकं काय होते, तेही सांगतो, घाबरू नको. वेग लोडिंगच्या वर्गमुळाने वाढते. १.१३ वरून २ वर गेलास तं वेग साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढला. आणि आपटायची ताकद? ती वेगाच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. मैदान तेच, माती तीच, हाडं तीच. फक्त उत्साह पावणेदोनपट.

यात आपल्या नागपूरचं खास योगदान आहे बरं का. समजा मे महिन्यात कोण्या भाऊसाहेबांचा वाढदिवस आहे आणि त्यांनी तुला झेंडा घेऊन कस्तुरचंद पार्कवर उतरायला बोलावलं. (परवानग्या कोण काढेल ते सोड, भाऊसाहेब आहेत ना.) आपलं शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, पारा ४५ वर, हवा इतकी पातळ झालेली की कॅनॉपीच्या लेखी तू जवळपास पाच हजार फुटांवर उतरून राहिला. म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. भर दुपारी नागपुरात बसून महाबळेश्वरचा फील कोणाला मिळते सांग? स्ट्रॉबेरी तेवढी नाही, पण लँडिंगचा वेग आणखी सातेक टक्क्यांनी वाढलेला आहे, तोही फुकट. एका बाजूला मेट्रोचा पूल, दुसऱ्या बाजूला रिझर्व्ह बँक, मधात मंडप, मंडपाच्या वर दिव्यांच्या माळा, आणि तू दोनच्या लोडिंगवर.

तेव्हा खाली जवळ आल्यावर वायर दिसली की काय करायचं? हे नीट ऐक. ब्रेक धरून सपाट टर्न मारायचा, असं ते कोर्सवाले शिकवतात. त्यात काय दिसते? काहीच नाही. तू एक टॉगल, म्हणजे ब्रेकचं एका बाजूचं हँडल, पार खालपर्यंत खेच. कॅनॉपी नाक खाली घालून जी सूर मारते ना, तू स्वतः झोका घेतल्यासारखा बाहेर फेकला जातोस, आणि तो झोका संपून तू परत कॅनॉपीच्या खाली येईपर्यंत जमीन थांबत नाही. १९० वर हाच वेडेपणा केला असता तं कदाचित लंगडत घरी गेला असतास. १०७ वर लंगडायची भानगडच राहत नाही. तिकडे अमेरिकेत दरवर्षी अपघातांचा हिशोब छापून येतो, त्यात पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असताना लँडिंगला गेलेल्यांचा रकाना नेहमी भरलेला असतो. कॅनॉपीने बिचारीने आपलं काम चोख केलेलं असते.

आकार कोणता घ्यावा? चौकोनी घेऊ नको, ती सभ्य लोकांची. लंबगोल घे, आणि खिशात पैसे असतील तं क्रॉस-ब्रेस्ड घे, आतून तिरप्या पट्ट्यांनी ताणलेली, स्पर्धेत तळ्यावरून पाय घासत जातात ते लोक वापरतात ती. ते लोक हजारो जंप मारून तिथे पोचले हे खरं, पण तुझ्याकडे आत्मविश्वास आहे. लंबगोल कॅनॉपी उघडताना दोऱ्यांना पीळ पडला की भोवऱ्यासारखी फिरायला लागते, तू पाठीवर उताणा, डोक्यात रक्त का पायात रक्त काही कळत नाही, उंची झपाझप कमी होऊन राहिली. १९० वर पाय मारून आरामात पीळ सोडवता येते, बोलता बोलता. इथे मेन छत्री कापून रिझर्व्ह, म्हणजे राखीव छत्री, काढायची, तीही लवकर. बरं, पाठीवरचा कंटेनर छोटा घेतल्यामुळे रिझर्व्ह पण छोटीच, ११३ वगैरे, कारण मोठी मावतच नाही. बेशुद्ध पडलास आणि एएडीने (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या डब्याने) उघडली तं ११३ वर झोपेत लँडिंग. आणखी एक फायदा, त्या टिचभर कंटेनरमध्ये उद्या अक्कल आल्यावर १५० ठेवतो म्हटलं तरी ठेवता येत नाही. परतीचा रस्ता आधीच बंद, म्हणजे मन डगमगायचं कारण नाही.

एएडीवरून आठवलं. साधा सिप्रस (एएडीचाच एक ब्रँड) साधारण सव्वादोनशे मीटरवर तू सेकंदाला ३५ मीटरच्या वर पडताना दिसलास की रिझर्व्ह उघडते. जोरात डाइव्ह मारून लँडिंग करणाऱ्यांसाठी म्हणूनच वेगळा मोड असतो. तू मॅन्युअल वाचू नको, डबा बिचारा चांगल्या मनाने दुसरी छत्री काढून देईल.

डेमोची कॅनॉपी घेऊन आठ-दहा जंप मारून बघ म्हणतील. नको, डेमोचा रंग तुझ्या हेल्मेटला मॅच नाही होत. कॅनॉपी कोर्स? यूएसपीएने (अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने) बी लायसन्सला कॅनॉपी पायलटिंगचं कार्ड भरायला लावलं तेव्हा तू ते कसं भरलंस ते तुला माहीत, झालं की. आणि एक यादी फिरून राहिली असते, लहान साइज घ्यायच्या आधी सध्याच्याच कॅनॉपीवर काय काय आलं पाहिजे त्याची: पन्नास फुटांवर ९० अंशाचा सपाट टर्न, फ्लेअर (उतरताना शेवटी ब्रेक ओढून वेग कमी करणं) करता करता वळणं, आडव्या वाऱ्यात उतरणं, मागच्या रायझरवर (खांद्यावरच्या पट्ट्यांवर) उतरणं, दहा मीटरच्या गोलात दर वेळी उतरणं. वाचूनच झोप येते. यातलं एकही तुला १९० वर येत नाही, म्हणजे दोष १९० चा.

सल्ला कोणाचा घ्यायचा तेही महत्त्वाचं. तुझं लँडिंग रोज बघणारा इन्स्ट्रक्टर सोडून कोणाचाही. वायुसेना नगरकडचे एखादे काका असतीलच ओळखीत, आग्र्याच्या फौजी पॅराशूट शाळेतून पाच उड्या मारून छातीवर पंख लावून आलेले. त्यांच्याकडे तं जाऊच नको. त्यांच्या काळची छत्री गोल, साइज-बिइज त्यांना माहीत नाही, आणि तुझ्या दोनच्या लोडिंगचं कौतुक करायचं सोडून ते विचारतील, "पडता येते का रे बेट्या? पाय जोडून? मंग पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ?" आता हायपरफॉर्मन्सवाला माणूस काय मातीत लोळेल काऊन? त्यापेक्षा कोणी वाद घातलाच तं स्कायडायव्हर शीतल महाजनांचं नाव घे, २००४ साली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर. मग साइजचा विषय निघाला की चहा मागव.

घरच्यांना फार सांगत बसू नको. अडीच-तीन लाख म्हटलं की आईचं बोलणं बेसा-मनीषनगरच्या प्लॉटवर येते. शिवाय पॅकिंग घरीच शिकावं लागते. नवीन झिरो पोरॉसिटीचं (हवा आरपार न जाऊ देणारं) कापड साबणासारखं सटकते, एक कोपरा दाबला की दुसरीकडून हवा घेऊन फुगते, आणि हॉलमध्ये पसरवलं की कूलर बंद करावा लागतो. मे महिन्यात, नागपुरात, कूलर बंद. हा एकच टप्पा असा आहे की जिथे तुझा जीव खरोखर घरच्यांच्या हातून धोक्यात असतो.

सेकंडहँड घ्यायची तं लाइन, म्हणजे छत्रीच्या दोऱ्या, कधी बदलल्या ते विचारू नको. स्पेक्ट्रा धाग्याच्या लाइन स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घासण्याने गरम होऊन आखडतात, सगळ्या सारख्या नाही, त्यामुळे कॅनॉपी एका बाजूला ओढते किंवा उघडताना तुझी मान हलवून देते. वेक्ट्रान आखडत नाही, ती झिजते आणि एक दिवस तुटते. दोन्हीत सस्पेन्स आहे. विकणारा "फक्त मजेसाठी वापरली" म्हणाला की पैसे पाठवून दे.

आणि पुढे कधी तुलाच विकायची वेळ आली तं जाहिरातीचा मजकूर आतापासून तयार ठेव: "१०७, केशरी-काळी, एकदम नव्यासारखी, जेमतेम वापरलेली, मालकाला वेळ मिळत नसल्याने देणे आहे." फोटो घरच्या गादीवर काढ. धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या पलंगावर काढलास तं मागे ट्रॅक्शनचं वजन लटकलेलं दिसते आणि लोक भाव पाडून मागतात.